नरसय्याची कात्री

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. नरसय्याचा विषय निघाला की त्याच्या कात्रीचे किस्से सांगून लोकांना हसवायचो आणि पुढचं गिळायचो.

अक्कलकोट रोडच्या आमच्या टॉवेल कारखान्यात तो यंत्रं दुरुस्त करायचा आणि नव्या कामगारांना शिकवायचा. खिशात कायम छोटी कात्री. कुणाच्या अंगावर काही लोंबताना दिसलं की कच्चकन कापायचा. "मशीनला डोळं नसत्यात, सायेब. लोंबलं की वढतंय." मालकांच्या जावयाच्या जाकिटाची नाडी त्याने बोलता बोलता कापली आणि तुकडा त्यांच्याच हातात ठेवला. "आता कसं मोकळं वाटतंय की."

मग कंपनीने पोर्टल घेतलं. प्रशिक्षणाची सगळी कागदपत्रं त्यात. चढवली मीच, कारण ऑफिस माझ्याकडे होतं. त्यात 'ओढणी' शोधलं तर कॅन्टीनचे नियम यायचे. कामगाराच्या नावापुढे 'वाचले' आणि नरसय्याच्या नावापुढे 'शिकवले' असं बटण. दाबलं की हिरवी खूण. मोबाइलवरूनही दाबता यायचं. कुणाच्या बोटाने दाबलं, हे मात्र पोर्टलला कळत नसे.

परदेशी गिऱ्हाइकाची माणसं तपासणीला येणार होती. मी सगळ्यांची बटणं दाबत सुटलो. नरसय्याने अडवलं.

"माझं नका दाबू. अजून शिकवलो न्हाई की. सोमवारी नव्या पोरींना मशीनपाशी उभं करून दावतो, मग दाबा."

"बरं," म्हणालो. तो गेल्यावर दाबलं.

हिरवी खूण बघून सुपरवायझरने नव्या रेणुकाला शनिवारीच मशीनवर उभं केलं. तिची ओढणी आत गेली. जीव वाचला, उजवा हात कायमचा अधू झाला.

चौकशीत मोठ्या साहेबांनी नरसय्याकडे स्क्रीन फिरवला. "न शिकवता 'शिकवले' दाबलंस?"

नरसय्याने त्या खुणेकडे बघितलं, मग आपल्या मोबाइलकडे. मी पाण्याचा ग्लास उचलला. त्याला काढून टाकलं.

परवा त्याच्या घरी गेलो, सांगायचंच ठरवून. त्याने स्वतः चहा केला. रेणुकाच्या पोराला रोज शाळेत सोडतो, म्हणाला.

"बोट माझंच लागलं असंल, सायेब. मोबाइलची सवय कुटं हाय मला? त्या पोरीचा हात गेला की."

माझ्या शर्टाच्या कॉलरला एक धागा लोंबत होता. त्याचा हात खिशाकडे गेला आणि रिकामा परत आला. "कात्री आता ठेवत न्हाई," तो म्हणाला, वाकला आणि तो धागा त्याने दातांनी तोडला.

त्याचा कान माझ्या तोंडाशी होता. मोठ्याने बोलायचीही गरज नव्हती.

"चहा चांगला झालाय," मी म्हणालो.