कुराशिनांचा जड सीडी प्लेअर

"आमच्या श्रोते मंडळाचे मोमोसेसान नवा-जुना प्लेअर नुसत्या आवाजावरून डोळे मिटून ओळखतील! अगं, डोळे मिटून! लाव पैज!"

तादाओ कुराशिनांनी चहाचा पेला असा आपटला की निम्मा चहा पायजम्यावर. पण आज त्यांना पोळल्याचीही पर्वा नव्हती. नवा सीडी प्लेअर घरात आला होता!

"लावली," त्यांची बायको हिसाए भाजी धुता धुता म्हणाली. "नाही ओळखलं, तर ही आठ चटया मावणारी मोठी खोली माझ्या कोतोची. तुमचे स्पीकर माळ्यावर."

हिसाएचं कोतो, म्हणजे माणसाहून लांब तंतुवाद्य, स्पीकर आल्यापासून बोळात उभं होतं. जाता-येता ते पुसून ती "थांब हं थोडं" असं त्याची समजूत घालायची. तादाओंना मात्र हरण्याची भीती नव्हती. त्यांचा अभ्यास पक्का होता!

"हे बघ, आपल्या स्पीकरचा स्वभाव तापट. जुना प्लेअरही तसाच. दोन तापट माणसं एका घरात आली की काय होतं?"

"मला कशाला विचारता? मी एकाबरोबरच राहते."

"म्हणून हा नवा! शांत, पोक्त आणि जड! उचलून बघ. दगड आहे दगड! लक्षात ठेव, वजन हाच गुण. जडाचा परिणामच वेगळा!"

हिसाएनं उचलून बघितला. खरंच जड होता.

परीक्षा पुढच्या रविवारी ठरली. तोवर कान कोरे राहावेत म्हणून तादाओंनी नवा प्लेअर वाजवलाच नाही. दोन्ही प्लेअर शेजारच्या खोलीत, सरकत्या कागदी दारामागे मांडून वर फडकी घातली. मग चटईत स्पीकर रुततात, आवाज घोगरा होतो, असं म्हणत त्यांनी हिसाएच्या लोणच्याच्या पिंपावरचे दोन दगड उचलले आणि स्पीकरखाली सारले.

"अहो! नोझावानाची पालेभाजी कालच खारवलीय! वर वजन नको? पाणी कसं सुटेल?"

"घरात जड वस्तूंचा दुष्काळ पडलाय का? ठेव काहीतरी! पण त्या दगडांना हात लावायचा नाही!"

त्यांच्या मात्सुमोतो गावात पाहुण्यांपुढे चहाबरोबर घरचं लोणचं आलं नाही, तर पाहुणे बोलत नाहीत, पण गावभर सांगतात. हिसाएनं घरभर जड वस्तू शोधली.

रविवारी श्रोते मंडळाचे म्होरके मोमोसेसान आले. सोबत ओगुची न्हावी. मोमोसेसान शिंकले तरी हा रुमाल काढणार! दोघं डोळे मिटून स्पीकरसमोर बसले. दारामागे डिस्क लावायला हिसाए.

"आधी जुना, मग नवा," तादाओ दाराशी जाऊन तिच्या कानात कुजबुजले. "आणि आतून एक शब्द नको! श्वाससुद्धा बेतानं!"

"अहो, पण मला जरा—"

"श्श!" तादाओंनी डोळे वटारले. दार बंद करून तेही डोळे मिटून बसले.

पियानो वाजला. थांबला. तोच पियानो पुन्हा वाजला. मोमोसेसानांची मान हळूहळू डोलू लागली. तादाओंचा जीव टांगणीला!

"पहिला जरा उतावीळ," अखेर मोमोसेसान म्हणाले. "दुसरा... अहाहा! काय खोली! काय ठेहराव! कुराशिनासान, दुसराच नवा. स्पीकरला जोडीदार मिळाला."

"अगदी माझ्या तोंडातलं बोललात!" ओगुची म्हणाला.

तादाओ आनंदानं उठले, तर पायाला मुंग्या आलेल्या! कोलमडता कोलमडता ओरडले, "हिसाए! जिंकलो! चहा आण!"

हिसाए चहा आणि लोणचं घेऊन आली. मोमोसेसानांनी एक तुकडा तोंडात टाकला आणि थबकले.

"दरवर्षी खातो तुमच्याकडे, पण असं कुरकुरीत कधी नव्हतं! काय केलंत, हिसाएसान?"

"वजन बदललं, बस्स. या, दाखवते."

मंडळी स्वयंपाकघरात गेली. पिंपावर, प्लास्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळलेला नवा सीडी प्लेअर विराजमान होता.

तादाओंनी पिशवी चाचपून बघितली. "म्हणजे... फडक्याखाली काय होतं?"

"बिस्किटांचा डबा. तुम्हीच म्हणालात, दगड आहे, जडाचा परिणाम वेगळा. आठवडाभर इथंच आहे."

"आणि मघाशी... दुसऱ्यांदा?"

"दोन्ही वेळा जुनाच. सांगायला आले, तर डोळे वटारलेत!"

हसावं की नाही हे कळेना, म्हणून ओगुची मोमोसेसानांकडे बघू लागला. मोमोसेसानांनी शांतपणे आणखी एक तुकडा उचलला आणि डोळे मिटून चावला.

"हा फरक मात्र," ते म्हणाले, "खरंच डोळे मिटून कळतो."

संध्याकाळी दगड परत द्यायला तादाओ गेले, तर हिसाए नको म्हणाली. प्लेअरचे आणि पिंपाचे गुण जुळले होते म्हणे! स्पीकर माळ्यावर गेले आणि कोतो खोलीत आलं. एक टोक तिनं धरलं, दुसरं तादाओंनी.

"हलकं तर आहे, कण्हता काय?" हिसाए म्हणाली.

"हलकं?" तादाओ जागच्या जागी थांबले. "मग याच्या आवाजाचं काही खरं नाही!"