मारुतरावांची लेखी मागणी

लग्नं मोडतात ती मधल्या माणसामुळं, हा शोध मारुतरावांनी दौंडच्या बाजारात, भर गर्दीत, भिमाजीमामांच्या तोंडावर जाहीर केला. भिमाजीमामा म्हणजे तालुक्याचे मधले माणूस. चाळीस सोयरिकी जुळवलेले.

"फोन हाय की आता. इकडचं तिकडं करायला माणूस कशाला?"

मामांनी टोपी सारखी केली आणि कोथिंबीर निवडायला लागले.

मारुतरावांचा इंद्रजीत सणसवाडीला कंपनीत होता, तिथंच खोली करून राहायचा. वय बत्तीस. अकरा घरचे पोहे खाऊन अकरा वेळा परत आलेला. बारावी शिरूरच्या आण्णांची राजनंदिनी, आणि तिनं चक्क होकार दिला होता. रविवारी आण्णा घर बघायला येणार, पटलं तर तिथंच सुपारी फुटणार. हे हुकलं तर पोहे कायमचे सोडायचे, असं इंद्रजीतनं ठरवलं होतं.

त्यानंच वडिलांना फोनवरचं माइकचं चित्र दाखवून ठेवलं होतं. "हे दाबून बोला आबा. तो आपोआप लिहितो."

"त्यापरीस आवाजच पाठवा की," तुळजाबाई नवऱ्याला म्हणाल्या.

"आवाज हवेत जातो. शब्द लेखी पाहिजे."

लिहिलेलं वाचून बघायचा प्रश्नच नव्हता. मी बोललेलं मीच कशाला वाचू, असं त्यांचं म्हणणं.

गुरुवारी फोनवर आण्णांचा आवाजी निरोप आला. "पाहुणं, तुमची काय मागणी असंल ती मोकळेपणानं सांगा."

मारुतरावांनी छाती पुढं काढून माइक दाबला. "आमची काय मागणी न्हाई."

फोन बिचारा शहरी मराठीत वाढलेला. त्याला 'नाही' ठाऊक, 'न्हाई' ठाऊक नाही. त्यानं जवळपासचा ओळखीचा शब्द शोधला आणि लिहिलं : आमची काय मागणी न्हावी.

आण्णांनी ते तीनदा वाचलं. दौंडकडं अशी चाल असंल, म्हणून परत विचारलं, "एवढंच ना?"

"दुसरं काय न्हाई. तिसरं काय न्हाई."

दुसरा न्हावी, तिसरा न्हावी. आण्णांनी बोटांवर मोजलं. "बघा हं, मागनं बदलायचं न्हाई."

"बदलणार न्हाई."

म्हणजे बदलीचाही एक.

रविवारी दारात पिकअप थांबली. आण्णा उतरले, राजनंदिनी उतरली, मागून चार माणसं उतरली. चौथ्यानं, साई त्याचं नाव, फिरती खुर्चीही उतरवली. पाहुणे बसायचं घरूनच आणतात, हे बघून मारुतरावांना गहिवरून आलं. चौघं मुलीचे मामा असणार, म्हणून त्यांनी चौघांना फेटे बांधले.

साईनं विचारलं, "पहिलं कुणाचं करायचं?"

मारुतरावांना वाटलं, चहाचं. "मोठ्यांचं आधी."

साईनं आण्णांच्या गळ्याभोवती पांढरं कापड टाकलं. आण्णांना वाटलं, चाल असंल. मारुतरावांना वाटलं, शिरूरकडं चहा असाच पीत असतील. अर्धी मिशी खाली आली तेव्हा मात्र तुळजाबाई म्हणाल्या, "अहो, ह्ये काय चाललंय?"

"तुमचीच मागणी!" आण्णा कडाडले आणि फोन इंद्रजीतच्या हातात दिला. इंद्रजीतनं मोठ्यानं वाचलं. शेवटचा शब्द वाचेपर्यंत त्याला आपले पोहे कायमचे सुटलेले दिसायला लागले.

"रविवारी चार दुकानं बंद ठेवून आणलीत माणसं. रविवारी! चल नंदिनी." आण्णा अर्ध्या मिशीनं उठले.

मारुतराव खिशात फोन शोधायला लागले. बोलायला आता माइकही नव्हता.

साईनं आण्णांना खांद्याला धरून परत बसवलं. "हलू नका, वस्तरा हाय. फोननं 'न्हाई'चा 'न्हावी' केलाय. ह्या माणसाला तुमच्याकडनं काय बी नकोय, एवढंच तो तीन दिस सांगतोय. असं घर कुठं गावायचं? आन् ताई मघापासनं हसू दाबतीय, ती काय नको म्हणून?"

आण्णांनी मुलीकडं पाहिलं. तिनं पदर तोंडाला लावला होता, खांदे हलत होते.

"उरलेली काढ," आण्णा म्हणाले. सुपारी फुटली. नंतर निम्म्या गावानं केस कापून घेतले.

पाहुणे गेल्यावर मारुतरावांनी भिमाजीमामांना निरोप धाडला. पडलेल्या आवाजात, माइक दाबून. "मामा, चुकलं. मधला माणूस नसला तर इलाज न्हाई."

इंद्रजीतनं स्क्रीन पाहिली. "आबा, परत लिवलं त्यानं. 'मधला माणूस नसला तर इलाज न्हावी.' खोडू?"

मारुतरावांनी गुळगुळीत हनुवटीवरून हात फिरवला.

"ऱ्हाऊ दे. आज पहिल्यांदा बरोबर लिवलंय."