चढलेली पेटी

आमची शेजारीण अनसामावशी विहारातली गाण्याची पेटी मांडीवर घेऊन वरचेवर कोल्हारहून एसटीनं नगरला जायची. कंडक्टरनं "लगेज काढा" म्हटलं की ठणकवायची, "लगेज न्हाई, पेशंट हाय."

पेशंटचा आजार एकच. पेटी चढली होती, म्हणजे तिचे सूर आपोआप उंच झाले होते. पेटी दुरुस्त करणारे करीमचाचा न चिडता दुसरी पेटी शेजारी ठेवत आणि दोन्हींवर काळी चार दाबून दाखवत. आवाज एकच यायचा.

"बघा मावशी, तुमची पेटी ठीक आहे."

"मंग तुमचीबी चढली," मावशी म्हणायची. "नगरचं ऊन लई."

काळी चार ही मावशीची पट्टी. वस्तीत कुणाकडेही बारसं असलं की पाळणा ती आणि माझी आई म्हणत. आईचा आवाज जाड. ती खालच्या सुरात ध्रुपद धरायची आणि मावशी अंतरा उचलायची, इतका वर की पाळण्यातलं मूल रडायचं विसरून बघत राहायचं.

"सरू, घागरीत तोंड घालून गातीस का गं?" मावशी चारचौघींत आईला विचारायची.

"तू पत्र्यावर चढून गातीस," आई म्हणायची. "खाली कुनीतरी नगं का?"

आई गेली आणि त्याच सुमारास मावशीची पाळी गेली. नंतरच्या पहिल्याच बारशात, एकटीनं पाळणा म्हणताना, अंतऱ्याला तिचा आवाज फुटला. बायका पाळण्याकडे बघत राहिल्या. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी तिला बाजूला घेऊन समजावलं, की पाळी गेल्यावर काहींचा आवाज जाड होतो, वरचे सूर लागत नाहीत, पट्टी थोडी खाली घ्या.

मावशी भडकली. "पाळी गेली तर जाऊ दे, कटकट मिटली. पन जाताना माझी पट्टी कशाला घेऊन गेली?" मग माझ्याकडं वळून, "मास्तरीण, तुझ्या पुस्तकात बघ, परत येती का."

मी बघितलं. अंगातून वाफा येण्याविषयी पानंच्या पानं होती. गाण्याविषयी एक ओळ नव्हती.

तेव्हापासून पेटीच्या नगरच्या फेऱ्या सुरू झाल्या. बारशाचं बोलावणं आलं की मावशी दारातूनच सांगायची, "पेटी आजारी हाय." हळूहळू बोलावणी थांबली. गावात नुकतीच केबल आली होती, आणि बारशाला आता कॅसेट लागायची.

आईला जाऊन वर्ष झालं. वंदना झाली, पाहुणे जेवून गेले. मी आत भांडी आवरत होते आणि ओसरीवरून आईचा आवाज आला.

पातेलं हातात तसंच घेऊन मी बाहेर आले. मावशी पेटी पुढ्यात ओढून पाळण्याचं ध्रुपद म्हणत होती. खालच्या सुरात, जाड आवाजात. अंतऱ्याची जागा आली तेव्हा तिनं तोंड मिटलं. भाता हलत राहिला, बोटं वरच्या सुरांवर फिरत राहिली. अंतरा सरला तशी ती पुन्हा ध्रुपदावर आली.

मला बघून थांबली.

"पेटी बरी हाय गं," ती म्हणाली. "माझंच तोंड घागरीत गेलं." मग भात्यावरचा हात काढून म्हणाली, "पन आता पत्र्यावर कुनी न्हाई."

मी पातेलं खाली ठेवून तिच्याशेजारी बसले.

"मावशी," मी म्हटलं, "पुन्हा म्हण ना."