दोन मायक्रोफोन आणि सत्तावीस गाद्या

ड्रमसेट रेकॉर्ड करायला बारा मायक्रोफोन लागतात असं ज्यांना वाटतं, त्यांना कान नसतात. हे माझं मत मी गेली वीस वर्षं आमच्या मातान्सास शहरात भेटेल त्याला ऐकवत आलोय. लोक मान डोलावतात, कारण मातान्सासमध्ये कुणाकडेच बारा मायक्रोफोन नाहीत. माझ्याकडे दोन आहेत. त्यातला एक चांगला आहे.

तर बुधवारी एवेलिओचा फोन आला. एवेलिओ वारादेरोच्या समुद्रकिनाऱ्यावरच्या एका हॉटेलात बँड चालवतो. त्याचा ड्रमर अचानक परदेशी मुलीकडे निघून गेला होता.

"आर्सेनियो, शनिवारी पाचच्या आत तुझ्या वाजवण्याचं रेकॉर्डिंग पाठव. पाच वाजता मी मॅनेजरला नाव सांगणार. तुझं, नाहीतर कार्देनासच्या त्या पठ्ठ्याचं."

मी चार वर्षांत कुठल्याही बँडमध्ये वाजवलेलं नव्हतं. शाळेत संगीतशिक्षक आहे, म्हणजे तीस पोरांना एकाच वेळी टाळी वाजवायला लावतो. तेही अजून जमलेलं नाही. मी फोन ठेवला आणि बायकोला, मिगदालियाला म्हणालो, "शनिवारी दुपारी बारापर्यंत काम फत्ते!"

"घर जागेवर ठेव म्हणजे झालं," ती म्हणाली. ती हॉस्पिटलात नर्स आहे. रोज काहीतरी बघून येते, त्यामुळे तिच्या अपेक्षा कमी असतात.

शनिवारी सकाळी ती ड्यूटीवर गेली आणि माझा मेव्हणा ओस्मानी आला. हा रेडिओ केंद्रावर काम करतो. तिथे तो दरवाजे रंगवतो, पण रेकॉर्डिंगच्या खोलीचा दरवाजासुद्धा त्यानेच रंगवलाय. त्याने खोलीच्या मधोमध उभं राहून एक टाळी वाजवली. उंच छत, फरशीची जमीन, उघड्या भिंती! ती टाळी दोन फेऱ्या मारून परत आली.

"दाजी, ही खोली आहे की विहीर? गाद्या लावायला लागतील चहूबाजूंनी."

आमच्या पलंगावरची गादी भिंतीला लागली. पाहुण्यांची लागली. तरी घुमतंच होतं. मग ओस्मानी समोरच्या गल्लीतल्या स्वतःच्या घरून गादी आणायला गेला.

पुढे जे काही झालं त्याला ती गादी जबाबदार आहे. ओस्मानीने ती डोक्यावर घेतली होती, आणि ती दोन्ही बाजूंनी त्याच्या कानांवर लोंबत होती. जिन्याच्या तोंडाशी एनेइदामावशी बसल्या होत्या. या तळमजल्यावर राहतात, औषधांच्या दुकानातून निवृत्त झाल्यात, आणि इमारतीत कोण काय घेऊन वर गेलं ते त्यांना पाठ असतं.

"गादी कुठे रे निघाली?"

ओस्मानी म्हणाला, "दाजींकडे. खोली भरायचीये." निदान तो म्हणतो की तो असं म्हणाला. त्यातली 'खोली' गादीतच राहिली. बाहेर आलं ते एवढंच : "दाजींकडे. भरायचीये."

मावशींनी हात झटकले आणि त्या आत गेल्या.

इकडे आम्ही कामाला लागलो. एक मायक्रोफोन डोक्यावर, दुसरा उजव्या खांद्यामागे, आणि दोन्हींचं ड्रमपासूनचं अंतर तंतोतंत सारखं. यात सगळी मेख आहे. अंतर चुकलं की एकच ठोका दोघांना वेगवेगळ्या वेळी ऐकू येतो, आणि मग ते दोन आवाज सावत्र भावांसारखे एकमेकांना खातात. हे मी ओस्मानीला नीट समजावून सांगितलं. त्याने मिगदालियाच्या शिवणाच्या डब्यातून दोरी काढून अंतर मोजलं. मी बसलो आणि पाच मिनिटं वाजवलं. काय वाजवलं! घाम पुसत कॉम्प्युटरवर ऐकायला बसलो.

झांजा होत्या. स्नेअरचा, म्हणजे समोरच्या छोट्या ड्रमचा, कडकडाट होता. पायाने वाजवायचा मोठा ढोल नव्हता. तिथे कुणीतरी उशीवर बसल्यासारखा एक आवाज येत होता.

"ओस्मानी, दोरी दाखव."

त्याने दाखवली. मी ओढली. ती वीतभर लांब झाली.

"हे इलॅस्टिक आहे."

"तरीच म्हटलं, दोन्हीकडे लगेच बरोबर कशी बसली!"

एवढ्यात दार वाजलं. बाहेर एनेइदामावशी आणि त्यांची गादी. दोघी भिंतीला टेकून उभ्या होत्या.

"आर्सेनियो, बाळा, सांगायचंस तरी! तीन वर्षं माझी पाठ नुसती स्प्रिंगांवर आहे. मधे जरा जास्त भर."

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. तेवढ्यात मागून ओस्मानी कानात कुजबुजला, "घ्या ना दाजी. तो कोपरा अजून घुमतोय."

कोपरा घुमत होता हे खरं आहे. चार वर्षं बँडविना काढलेल्या माणसाने कोपऱ्याकडे बघावं की सत्याकडे, हे तुम्हीच ठरवा. मी गादी घेतली.

दहा मिनिटांनी आणखी एक आली. मग दोन. मी दर वेळी म्हणत होतो, "अहो, मी काही भरून देत नाही..." आणि लोक डोळा मारून म्हणत होते, "कळलं, कळलं, कुणाला सांगत नाही." खोलीत अकरा गाद्या झाल्या. आता टाळी वाजवली तर हातांनाही ऐकू येईना. ओस्मानी माझ्यासमोर उभा राहून काहीतरी बोलत होता, ते मला त्याच्या ओठांवरून समजून घ्यावं लागत होतं.

दुसऱ्यांदा मोजमाप केलं, या वेळी सुतळीने. मी परत वाजवायला बसलो, आणि मनासारखं होईना म्हणून वाजवतच राहिलो. मला काय ठाऊक, की माझं ते धपाधप जिन्यात ऐकू जात होतं आणि जिन्यात मावशी लोकांना सांगत होत्या, "ऐका! कापूस झोडपतोय. कसा एका लयीत झोडपतोय बघा!"

आमच्याकडे चार माणसं एकामागे एक दिसली की पाचवा येऊन विचारतो, "शेवटचा कोण?" कशासाठी उभे आहात, हे नंतर. दुपारी तीनपर्यंत रांग जिना उतरून फुटपाथवर गेली होती. मावशींनी वही काढून नंबर दिले होते. नवव्या नंबरावर पोलिकार्पो होता. पोलिकार्पो आमच्या भागातला खराखुरा गादीवाला. दुसऱ्यांच्या गाद्या भरता भरता त्याची स्वतःची गादी तशीच राहिली होती.

साडेतीनला मिगदालिया ड्यूटीवरून आली. तिला जिन्यावरच रांगेतल्या एका अनोळखी बाईने अडवलं.

"ताई, रांगेतून या."

"मी इथे राहते."

"सगळे असंच सांगतात."

आठ तास उभं राहून आलेल्या बाईने भांडायचं तरी किती? तिने विचारलं, "कशाची रांग आहे?"

"गाद्या भरून मिळतायत."

तिला आमची गादी आठवली. आमच्या गादीत मधोमध एक खड्डा आहे. रात्री आम्ही दोघं दोन काठांवर झोपतो आणि सकाळी खड्ड्यात भेटतो. ती म्हणाली, "सत्ताविसावा नंबर लिहा माझा." आणि पायरीवर बसली.

चार वाजले तरी नंबर येईना म्हणून ती उठली आणि मावशींना घेऊन वर आली. मावशींनाही आपल्या गादीचं कुठवर आलंय ते बघायचं होतंच. दार ढकललं. मी ड्रमवर, घामाने निथळत. मावशींची गादी भिंतीला, जशी दिली तशी, उलट वर एक मायक्रोफोनची वायर खोचलेली.

मावशी गादीकडे बघतात, माझ्याकडे बघतात. "कापूस कुठाय?"

"मावशी, इथे कापूस नाहीये."

"मग झोडपत काय होतास?"

मी काठी वर करून ड्रम दाखवला.

मिगदालियाने फक्त एवढंच विचारलं, "अरे, म्हणजे मी अर्धा तास माझ्याच घराबाहेर नंबर लावून बसले होते?"

बातमी जिना उतरायला किती वेळ लागतो ते मला त्या दिवशी कळलं. अजिबात लागत नाही. खालून आरडाओरडा वर आला, आणि मागोमाग माणसं. प्रत्येकाला आपापली गादी हवी होती, आत्ताच्या आत्ता! घड्याळात चार वाजून वीस मिनिटं झाली होती. एका मोठ्या बाईने एक गादी उचललीसुद्धा, आणि त्याबरोबर खोली 'खण्ण' करून घुमली.

मी स्टुलावर चढलो. खरं सांगतो, माझा आवाज रडवेला झाला होता. म्हणालो, "मी खोटं बोललो नाही, पण खरंही बोललो नाही. मला पाचच्या आत हे पाठवायचंय. चार वर्षं मी कुणाबरोबर वाजवलेलं नाही. पाच मिनिटं द्या. फक्त पाच मिनिटं गप्प राहा."

"आणि गाद्या?" मावशी.

"भरून देईन."

"सगळ्यांच्या?"

"सगळ्यांच्या."

"तुला येतं भरायला?"

मागून पोलिकार्पो म्हणाला, "मी शिकवीन. पण आधी माझी."

मावशी जिन्याकडे वळल्या आणि त्यांनी बोट ओठांवर ठेवलं. आमच्या इमारतीत तशी शांतता मी आजवर ऐकली नव्हती. सव्वीस माणसं आणि माझी बायको श्वास रोखून उभी! मी वाजवलं. कुणासाठी वाजवतोय हे आठवून वाजवलं नाही, नुसतं वाजवलं. शेवटची झांज विझली तरी कुणी हललं नाही. मग मिगदालियाने नाक पुसलं आणि ती म्हणाली, "धुळीमुळे."

ओस्मानीने कॉम्प्युटरवर एका मायक्रोफोनच्या आवाजाची पट्टी दुसऱ्याच्या पट्टीशेजारी केसभर सरकवली. गेलेला ढोल परत आला, गुबगुबीत, गोल. चार बावन्नला रेकॉर्डिंग गेलं.

पाच दहाला एवेलिओचा फोन. सगळे माझ्याभोवती.

"आर्सेनियो, नोकरी तुझी!"

जिन्यात जल्लोष झाला. मी मोठ्या रुबाबात विचारलं, "काय आवडलं? मधला तो फिरवलेला ठेका?"

"ठेका मी ऐकला नाही. अरे, आधीचा वाजवायला लागला की पाहुण्यांच्या हातातून काटे पडायचे. मॅनेजर म्हणाला होता, जेवणाला त्रास होणार नाही असा ड्रमर आणा. तुझं लावलं तर आम्ही दोघं अख्खा वेळ बोलत बसलो. मधे तू आहेस हे विसरूनच गेलो! एवढा बिनत्रासाचा ड्रमर मला तीस वर्षांत भेटला नाही."

फोन स्पीकरवर होता, हे मी तेव्हा विसरलो होतो.

आता मी शुक्रवार ते रविवार वारादेरोला वाजवतो. लोक शांतपणे जेवतात. सोमवारपासून शाळेनंतर पोलिकार्पोच्या हाताखाली गाद्या. पहिल्या दोन जरा गाठीच्या झाल्या, पण आता शिवण सरळ येते. परवा बारावी गादी पूर्ण झाली. आमच्या गादीचा नंबर सत्ताविसावा आहे, म्हणून मी हळूच एनेइदामावशींना विचारून बघितलं, की ती जरा मधे घेता येईल का.

मावशींनी वही उघडलीसुद्धा नाही. म्हणाल्या, "इथे वशिला चालत नाही."