ठकूआत्यांचं कर्ज

कर्ज हातात पडलं की बायका आधी पदराला गाठ मारतात. ठकूआत्या आधी विचारायच्या, "बघाया कवा येताय?"

राहू गावात आमचा चौदा जणींचा बचत गट होता. मी अंगणवाडीत शिकवायचे, म्हणून गटाची वही माझ्या गळ्यात पडली. कर्ज दिलं की महिन्याच्या आत घरी जाऊन ते कशाला लागलं हे बघायचं, असा आमचा नियम. बाकीच्या जणी या तपासणीच्या नावानं कपाळाला आठ्या घालायच्या. ठकूआत्यांचं उलटं. आम्हाला चार दिवस उशीर झाला तर त्या अंगणवाडीच्या दारात येऊन बसायच्या. "अवो बाई, आसं कसं चालंल? नियम म्हंजी नियम."

त्यांचं घर कालव्यापलीकडं, गावापासून लांब. आम्ही तिघी-चौघी तंगडतोड करत पोचायचो. अंगण सारवलेलं, चुलीवर शेळीच्या दुधाचा चहा, ताटात शेंगदाण्याचे लाडू. धंदा मात्र दर वर्षी नवा. एकदा शेवया, एकदा बांगड्या, एकदा कोंबड्या. कोंबड्यांच्या वर्षी अंगणात दोनच कोंबड्या दिसल्या.

"बाकीच्या?" मी विचारलं.

"चरायला गेल्यात."

मेंढरांमागं जन्म काढलेल्या बाईला कोंबड्याही कळपानं चरायला जातात असं वाटत असेल, असं म्हणून मी वहीत लिहून टाकलं, 'कोंबड्या आहेत.' तोंडात लाडू असताना माणूस फार चौकशी करत नाही.

व्याज वेळेवर, मुद्दलही वेळेवर. बिघडलं ते शांताच्या वेळी. तिचा नवरा अंथरुणाला खिळला होता, घरात कमावतं कुणी नव्हतं. केडगावला एक जुनं शिलाई मशीन मिळत होतं, पण मशीनवाला आठवडाभरच थांबणार होता. तिनं गटाकडं दोन हजार मागितले. ठकूआत्यांचं जुनं कर्ज परत आलं तरी गटाजवळ एकीपुरतेच पैसे होणार, आणि त्यांची नवी मागणी तिच्या आधीची. त्याच बैठकीत आत्यांनी ते फेडलं. वीसच्या नोटांची गड्डी मी हातात घेतली, तर बँकेनं मारलेली पिन जशीच्या तशी. वर्षभरात एक नोटसुद्धा सुटली नव्हती.

माझं डोकंच फिरलं. दुसऱ्या दिवशी मी एकटीच त्यांच्या घरी गेले आणि दारातूनच विचारलं, "आत्या, पैसे वापरायचे नाहीत तर कर्ज घेता कशाला? उगाच व्याज भरायला?"

त्या चुलीतली राख उकरू लागल्या. मग म्हणाल्या, "बाई, लगीन झाल्यापासनं मेंढरांमागं हिंडले. आज हितं, उद्या तिथं. पाव्हणा यायचा तर घराला दार लागतंय. म्हातारपणी दार झालं, तवर मालक गेलं. पोरगा तिकडं रांजणगावला कंपनीत. कुणी येत न्हाई. कर्ज घेतलं की तुमी येता."

मी भांडायला गेले होते. इतकी लाज वाटली की तिथंच उंबऱ्यावर बसले. शांताचं नाव काढायची हिंमत होईना. ते त्यांनीच काढलं.

"शांतेला मशीन घिऊ द्या. माजी मागणी खोडा." मग हळूच म्हणाल्या, "तिच्याकडं बघाया जाताना हिकडनं जावा. वाटंतच हाय."

शांताचं घर अंगणवाडीच्या मागं होतं.

मशीन आलं. शांता पोलकी शिवायला लागली, बघता बघता तिच्याकडं लगीनसराईचं काम रांग लावून यायला लागलं. आणि गटाची बैठक आम्ही अंगणवाडीतून ठकूआत्यांच्या घरी हलवली. पायपिटीबद्दल एकीनंही कुरकुर केली नाही. लाडवांचा त्यात वाटा होता, हे कबूल करायला हवं.

पुढच्या वर्षी आत्यांनी पुन्हा कर्ज मागितलं. मी पेन उघडलं. "कशासाठी लिहू?"

"सतरंजी. चांगली लांबरुंद. बाया भुईवर बसत्यात, मला बरं वाटत न्हाई."

धंद्याशिवाय कर्ज द्यायचं नाही, असाही आमचा एक नियम होता. तो वाचून दाखवायला मी वही चाळू लागले. मान वर केली तेव्हा शांताचा हात वर होता, आणि तिच्या मागोमाग सगळ्यांचे.