आमच्या मेव्हण्याच्या संघाची मयत

बढती आमचीच होती. सहा सामने शिल्लक, नऊ गुणांची आघाडी! एकतीस वर्षं आमच्या रोक्कामारा गावाचा फुटबॉल संघ खालच्या गटात कुजत होता. वाट बघून बघून माझे वडील गेले. आता दुसऱ्या नंबरवरच्या, शेजारच्या वाल्लेसेक्काची जिरवायची होती, आणि माझा मेव्हणा ओरोन्झो नेमका त्याच गावचा.

आमच्या सलूनमध्ये वस्तरा चालवता चालवता मी जाहीर केलं, "समजा, झालंच!"

खुर्चीतल्या गिऱ्हाइकाने अपशकुन टळावा म्हणून घाईघाईने खिशातल्या किल्ल्यांचं लोखंड पकडलं. घरी बायको अद्दोलोराता कडाडली, "अहो, तोंड आवरा! झाल्याशिवाय झालं म्हणू नये, हे शेंबड्या पोरालाही कळतं."

मी तोंड आवरलं. थेट छापखान्यात गेलो.

आमच्याकडे माणूस गेला की काळ्या चौकटीचा कागद भिंतीभिंतीवर लागतो. हरलेल्या संघाचाही गंमत म्हणून लावतात, पण हरल्यावर! मी एप्रिलमध्येच साठ छापून घेतले. 'दीर्घ आजाराने वाल्लेसेक्का फुटबॉल संघाचे दुःखद निधन.' खाली टपोऱ्या अक्षरांत, 'शोकाकुल: ओरोन्झो.' गठ्ठा कागद डकवणाऱ्या मिम्मोच्या हवाली केला. "शेवटच्या रविवारी दुपारी बारा वाजता लाव. मला विचारायला येऊ नकोस!"

आणि मग आमच्या पोरांना काय झालं कोण जाणे! पहिल्या सामन्यात गोलरक्षकाने चेंडू हातात धरून स्वतःच जाळ्यात नेऊन ठेवला. दुसऱ्यात कप्तानाने पेनल्टी मारली ती थेट पाद्रीबाबांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर. आघाडी नवाची सहा, सहाची तीन, शेवटच्या रविवारी उरली एक. माझी झोप उडाली, भूक मेली. एका गिऱ्हाइकाच्या दोन मिशा दोन मापाच्या झाल्या. या सगळ्यात मिम्मोला थांबवायचं साफ विसरलो!

हा मिम्मो जन्मात कुठलं काम वेळेवर करत नाही. लग्नाच्या पत्रिका बारशाला वाटणारा माणूस! पण त्या रविवारी बाराच्या ठोक्याला पठ्ठ्याने गावभर साठच्या साठ कागद लावले.

सामना वाल्लेसेक्काशीच, त्यांच्याच मैदानावर; मी घरी रेडिओला कान लावून. सामना रंगात आला होता. आम्ही एका गोलने मागे. एवढ्यात बायकोची नुन्झिया मावशी ऊर बडवत घरात शिरली. चष्म्याविना तिला कागदावरचं फक्त टपोरं नाव दिसलं होतं. "गेला गं! आपला ओरोन्झो गेला!"

अद्दोलोराता मटकन खाली बसली. मी थेट ओरोन्झोलाच फोन लावला.

"बोला दाजी," पलीकडे नुसता गोंगाट. "दुपारपासून सगळ्यांना सांगतोय, जिवंत आहे मी! आणि आम्ही दोन-शून्यने पुढे आहोत!"

शेवटी आम्ही तीन-शून्यने हरलो. वाल्लेसेक्काची बढती झाली. भिंतीभिंतीवर मेलेला संघ नाचत होता आणि माझा संघ मेला होता. मी स्वयंपाकघरात बसून वडिलांची जुनी, संघाच्या पिवळ्या रंगाची टोपी नाकाशी धरून रडलो. खोटं कशाला बोलू!

तासाभरात दार वाजलं. काळा सूट, काळा टाय घातलेला ओरोन्झो, हातात फडक्याखाली भलाथोरला ट्रे. मी म्हटलं, आता हा जखमेवर मीठ चोळणार.

"ताई, चूल पेटवू नकोस. मयतीच्या घरी चूल पेटवत नाहीत, जेवण नातेवाइकांनी आणायचं असतं," तो गंभीरपणे म्हणाला. मग माझ्या हातातली टोपी त्याला दिसली. त्याने गळ्यातला वाल्लेसेक्काचा लाल मफलर काढून खिशात कोंबला. "दाजी, तुमच्या वडिलांनी आजचा दिवस बघायला हवा होता... म्हणजे, आजचा नको. पुढच्या वर्षीचा."

मला पुन्हा हुंदका फुटला. त्याने ट्रे उघडला. भाजलेली मॅकरोनी, वर वांगी, चीज! मेलेली भूक टुणकन उठून बसली. तिसऱ्यांदा वाढून घेताना माझ्या डोक्यात किडा वळवळला.

"मेव्हणे, सामना संपल्यावर तासाभरात हजर झालात. तुमच्या गावाहून इथवर यायलाच अर्धा तास. एवढं केलंत कधी?"

ओरोन्झो टायशी चाळा करू लागला. अद्दोलोराताने मॅकरोनीची एक कडक झालेली कड दाताखाली मोडून पाहिली.

"शिळी आहे," ती म्हणाली. "परवाची."

शुक्रवारीच भाजून ठेवली होती मेल्याने! म्हणजे झाल्याआधी झालं समजलो आम्ही दोघंही, आणि भोवलं एकट्या मलाच!