गाडीचे दिवंगत मालक

कारकुनाने फक्त गाडी घ्यायचं ठरवलं होतं. खोटं बोलायचं अजिबात ठरवलं नव्हतं. ते आयत्या वेळी झालं, जसं पुष्कळ भल्या माणसांच्या हातून होतं. (‘भल्या’ हा शब्द त्याचा स्वतःचा. बायकोला तो मान्य नाही.)

झालं होतं असं, की गुडघ्याच्या ऑपरेशननंतर सासरे त्यांच्याकडे राहायला आले होते. आठवड्यातून तीनदा त्यांना व्यायामासाठी दवाखान्यात न्यावं लागे. टॅक्सीत पाय दुमडून बसताना म्हातारा ओठ दाबून गप्प राही आणि ते बघून बायकोचे डोळे भरून येत. गाडी हवीच होती. आणि कारकुनाच्या ऐपतीत बसणारी एकच गाडी सापडली. करड्या रंगाची, मोठ्या दारांची, पाय लांब करून बसता येईल अशी. फक्त ती उभी होती गाड्या भाड्याने देणाऱ्या एका कंपनीच्या आवारात.

“साहेब, लपवत नाही,” तिथला विक्रेता म्हणाला. “दोन वर्षं भाड्याने फिरलीय. शंभर जणांचे हात लागलेत. पण सर्व्हिसिंग एकदाही चुकलेलं नाही. हे कागद बघा.”

म्हणजे बघा, गाड्या विकणारा माणूस खरं बोलला. खोटं बोलला तो सरकारी कारकून!

आता सासऱ्यांविषयी सांगायला हवं. सासऱ्यांनी चाळीस वर्षं स्वतःचं गॅरेज चालवलेलं. आदल्याच दिवशी जेवताना त्यांनी बजावलं होतं, “जावईबापू, काहीही घ्या, पण भाड्याने फिरलेली गाडी घेऊ नका. गाडी संध्याकाळी परत द्यायची असली की माणूस खड्डा बघत नाही. शंभर जणांची गाडी ती कुणाचीच नाही.”

आणि जावयावर त्यांचा विश्वास किती, म्हणाल तर काडीचाही नाही. जावयाने बंद केलेला नळ ते पुन्हा एकदा पिळून बघत. जावयाने लावलेलं कुलूप ओढून बघत. एकदा तर जावयाने घड्याळात बघून सव्वासहा वाजलेत असं सांगितलं, तेव्हा त्यांनी मुलीला विचारून खात्री केली होती. बारा वर्षं हे चाललेलं. कारकून वरवर हसे, पण आतून त्याला ते लागे. बाहेर जगासमोर तो जन्म-मृत्यू नोंदणीच्या कचेरीत मृत्यूच्या टेबलावर बसणारा माणूस होता. कागद दाखवल्याशिवाय त्याने आजवर कुणालाही मरू दिलेलं नव्हतं! आणि घरी त्याच्या नळावरसुद्धा विश्वास नाही.

तर गाडी दारात आली. सासरे काठी टेकत बाहेर आले. त्यांनी बोनेट उघडायला लावलं, इंजिन चालू करायला लावलं आणि डोळे मिटून कान दिला. कारकुनाच्या तोंडचं पाणी पळालं. सगळं खरं सांगून टाकावं म्हणून त्याने तोंड उघडलंही.

“वा!” सासरे म्हणाले.

बारा वर्षांतलं पहिलं ‘वा’.

“जावईबापू, चांगलं काम केलंत. ही गाडी कुणीतरी पोटच्या पोरासारखी सांभाळलीय. कोण होते मालक?”

कारकुनाचं तोंड उघडं होतंच. त्यातून भलतंच बाहेर पडलं. “एक ग्रंथपाल होते, बाबा.”

“होते म्हणजे?”

“वारले.”

“अरेरे! कशाने?”

“हृदयविकार. वय एकाहत्तर. पुरुष. मागे पत्नी.” हे मात्र त्याने मुद्दाम केलं नाही. अठरा वर्षांची सवय. एकदा ‘वारले’ म्हटलं की पुढचे रकाने त्याच्याकडून आपोआप भरले जात.

झालं! माणूस जन्मला, जगला आणि वारला, तेही अर्ध्या मिनिटात आणि एकाही कागदाशिवाय. खरे कागद कारकुनाने दुसऱ्या दिवशी कचेरीत नेऊन मृत्यूच्या कपाटात, जुन्या नोंदवह्यांमागे दडवले.

तेवढ्यावर निभावलं असतं. पण गाडी बोलायला लागली.

पहिल्याच रविवारी बायको गाडी झाडत असताना मागच्या सीटखाली लहान मुलाचा एक बूट सापडला. “अहो, त्यांना मुलंबाळं होती का?”

“नाही. शेजारच्या मुलाला ते रोज शाळेत सोडायचे.”

“शेजारच्या? रोज?” बायकोचा हात छातीवर गेला. “किती चांगला माणूस!”

मग बायकांच्या केसांच्या पिना निघाल्या, चार रंगांच्या. इथे ग्रंथपालांच्या अब्रूचा प्रश्न होता, म्हणून कारकुनाने घाईघाईने सांगितलं की परीक्षेच्या दिवसांत ते गरीब विद्यार्थिनींना केंद्रावर नेऊन सोडत. काठीच्या टोकाचं रबर निघालं, तेव्हा ग्रंथपालांना एक अपंग मित्र लाभला, ज्याला ते दर शनिवारी हवा खायला नेत. गादीवर कुत्र्याचे केस निघाले. कारकुनाने उसासा टाकून सांगितलं, “रस्त्यावर जखमी कुत्रं दिसलं की त्यांना राहवत नसे. तसंच उचलून दवाखान्यात न्यायचे.” मागच्या काचेवर कंपनीचा स्टिकर खरवडल्याचा डाग होता. तिथे म्हणे ‘शांतता राखा’ असं लिहिलेलं होतं. ग्रंथपाल कधी हॉर्न वाजवत नसत.

“कधीच?” सासऱ्यांनी विचारलं.

“कधीच, बाबा.”

त्या दिवसापासून कारकुनाला हॉर्न वाजवायची बंदी झाली.

आणि इथून त्याचे हाल सुरू झाले. स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेणारे पुष्कळ असतात, याने धोंडा स्वतः घडवून, पॉलिश करून मारून घेतला. उठता-बसता घरात ग्रंथपाल निघू लागले.

“माझ्या काकूंना बाजारात सोडाल का जाता जाता?” बायको विचारी.

“अगं, उलट्या दिशेला आहे ते. पेट्रोल काय फुकट येतं?”

“त्यांनी कुत्र्यांसाठी पेट्रोल जाळलं हो. माझी काकू कुत्र्यापेक्षा तरी बरी असेल.”

काकू बाजारात गेली. मग तळमजल्यावरचे शिक्षक डोळे तपासायला गेले, वरच्या मजल्यावरची मुलगी परीक्षेला गेली. कारकुनाने कपाळाला आठी घातली तर बायको म्हणे, “त्यांची गाडी आहे. निदान तिचा मान राखा.” भांडण झालं की ती पूर्वी माहेरी जाईन म्हणायची. आता खिडकीतून नुसती गाडीकडे बघत बसे, आणि ते जास्त लागे. स्वतःच्या थापेचा मत्सर वाटणारा नवरा जगात दुसरा नसेल. एकदा तर कारकून चिडून म्हणाला, “तुझे ते ग्रंथपाल काही एवढे साधे नव्हते!” त्यावर सासरे आणि बायको दोघांनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने चहाच्या कपात मान घातली.

“मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, जावईबापू,” सासरे हळूच म्हणाले.

पण खरी लाज पुढेच होती.

सासूबाई जाऊन चार वर्षं झाली होती. तेव्हापासून सासरे बोलायचेच कमी झाले होते. हो, नाही, पाणी द्या, संपलं. पण गाडी आल्यापासून म्हातारा बोलायला लागला होता. दवाखान्यात जाताना सीटवर पाय लांब करून म्हणे, “आमची तुमच्या या ग्रंथपालांशी गाठ पडायला हवी होती. जमलं असतं आमचं.” आणि एका शनिवारी त्यांनी सापडलेला बूट, पिना आणि रबर पुसून एका खोक्यात नीट भरलं आणि जाहीर केलं, “उद्या सकाळी आपण दोघं त्यांच्या बायकोकडे जाऊन येऊ.”

“कशाला, बाबा?” कारकुनाने उचललेला घास परत ताटात ठेवला.

“एकट्या उरलेल्या माणसाकडे पहिले पंधरा दिवस सगळे येतात. नंतर कुणी येत नाही. मला माहितीय ना. गाडी छान चाललीय एवढं सांगितलं तरी बरं वाटेल त्यांना.”

रविवारी सासरे इस्त्रीचा शर्ट घालून, खोकं मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसले. दाढी गुळगुळीत. कारकुनाने गाडी सुरू केली. जायचं कुठे? जी बाई जगात नाही तिचा पत्ता कुठून आणायचा? तो सरळ गेला, उजवीकडे वळला, पुन्हा उजवीकडे वळला.

“हा फुलवाला मघाशी लागला होता,” सासरे म्हणाले.

“रस्ते एकेरी आहेत, बाबा.”

तिसऱ्यांदा फुलवाला लागला तेव्हा सासऱ्यांनी गाडी थांबवायला लावली आणि खाली उतरून पांढरी फुलं घेतली. “बरं झालं चुकलो. रिकाम्या हाताने जाणार होतो.”

मांडीवर खोकं, खोक्यावर फुलं. कारकुनाला वाटलं, आता धरणी दुभंगावी आणि आपल्याला गाडीसकट पोटात घ्यावं. ती काही दुभंगली नाही. त्याने गाडी बाजूला घेतली आणि इंजिन बंद केलं.

“बाबा, ते ग्रंथपाल वारलेले नाहीत.”

म्हाताऱ्याचा चेहरा एकदम उजळला. “काय सांगता! जिवंत आहेत? अहो मग चला ना, त्यांनाच भेटू!”

“तसं नाही, बाबा. ते... ते जन्मलेच नाहीत.”

सासऱ्यांनी फुलं बाजूला करून खोक्यातला बूट वर काढला. मग म्हणाले, “हा बूट कुणाचा?”

“असेल कुणा भाडेकऱ्याच्या पोराचा. गाडी भाड्याने फिरलेली आहे. तुम्ही नको म्हणाला होतात. आणि मग तुम्ही ‘वा’ म्हणालात.”

“बोनेट उघडा.”

उघडलं. सासरे काठी टेकत उतरले, इंजिन पुन्हा चालू करायला लावलं, पुन्हा डोळे मिटून ऐकलं. कारकून शेजारी मान खाली घालून, शाळेत अंगठे धरायला लावलेल्या पोरासारखा उभा.

“सर्व्हिसिंगचे कागद आहेत?”

“सगळे आहेत. एकही तारीख चुकलेली नाही. कचेरीत ठेवलेत. मृत्यूच्या कपाटात.”

“इंजिन चोख आहे,” सासरे म्हणाले. “मी बोललो ते माझ्या वेळच्या गाड्यांवरून. हे कागद समोर ठेवले असते तर मीच म्हणालो असतो, घ्या. चुकलो म्हणायला मला कसली लाज? गाडी माझ्याशी एक अक्षर खोटं बोललेली नाही.” पुढचं वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही. गरजही नव्हती.

“मला फार लाज वाटते, बाबा.”

“वाटू दे.”

गाडीत बसल्यावर त्यांनी फुलं मागच्या सीटवर ठेवली. “त्या बाईंशी काय बोलायचं ते रात्रभर जुळवत होतो. हिच्याबद्दल... चार वर्षांत कुणाशी बोललो नव्हतो ते.”

कारकून म्हणाला, “माझ्याशी बोला ना, बाबा.”

सासऱ्यांनी त्याला वरपासून खालपर्यंत निरखलं. नळ पिळून बघावा तसं.

“बघू,” ते म्हणाले. “आधी गाडी नीट घरी न्या.”

नाही म्हणाले नाहीत, एवढ्यावर कारकुनाचा जीव भांड्यात पडला. उरलेलं धैर्य गोळा करून त्याने घरी गेल्या गेल्या बायकोला सगळं सांगितलं. पहिल्या ‘वा’पासून शेवटच्या फुलवाल्यापर्यंत. तिने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. ती नुसती खुर्चीत बसली.

“म्हणजे ते नव्हतेच?”

“नव्हतेच.”

“शेजारच्या मुलाला शाळेत सोडणं?”

“नाही.”

“आणि जखमी कुत्री?”

“एकसुद्धा नाही.”

मग ती सावकाश म्हणाली, “पण हे सगळं सुचलं तुम्हालाच ना? मुलाला सोडणं, मुलींना परीक्षेला नेणं, हॉर्न न वाजवणं?”

कारकुनाच्या मनात आशेचा किरण चमकला. बरोबरच होतं की! ग्रंथपाल म्हणजे शेवटी कोण? तोच! त्याच्याच पोटातला चांगुलपणा! तो ताठ झाला. “मलाच! सगळं माझ्याच डोक्यातलं. अगदी अक्षरन् अक्षर.”

“म्हणजे चांगला माणूस कसा वागतो, हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं,” बायको म्हणाली. “आणि मी वेडी बारा वर्षं तुम्हाला माफ करत आले. म्हटलं, जाऊ दे, बिचाऱ्याला कळतच नाही.”